मामांच्या जागी कोण?

पत्राचा सारांश : मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांची संघटना आहे. पत्रलेखिका तिच्या सचिव आहेत आणि घरची डाळमिल सांभाळतात. सभासद 160 : डाळमिल, तेल गिरण्या, जिनिंग, शेती अवजारं, पत्र्याची कामं करणारी युनिटं. वर्गणी वर्षाला 2,000 रुपये, ती भरणारे साधारण 110. वसाहतीत संघटनेची स्वतःची खोली आहे. 22 वर्षं ते कार्यालय चालवणारे ‘मामा’ दीड वर्षापूर्वी थांबले, तेव्हा त्यांचा पगार 9,500 होता. त्यानंतर 12,000 पगारावर तीन जण आले आणि गेले. पहिल्याला अध्यक्षांच्या कारखान्याची बिलं करायला बसवलं जायचं. दुसरी मुलगी होती. बैठका रात्री हॉटेलात होत असल्यामुळे घरून विरोध झाला. तिसऱ्याला एकाच परिपत्रकाबद्दल तीन पदाधिकाऱ्यांनी तीन सूचना दिल्या, चौथ्याने झापलं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. आता कार्यकारिणीत तीन मतं आहेत. कोणी म्हणतं अध्यक्षांच्या भाच्याला घ्या, कोणी म्हणतं 45,000 देऊन एमबीए झालेला कार्यकारी संचालक आणा, कोणी म्हणतं एजन्सीकडे सोपवा. पत्रलेखिका विचारतात : “आजकालची मुलं टिकत नाहीत. मामांसारखा निष्ठेने काम करणारा माणूस कुठे शोधायचा? तो मिळेपर्यंत मीच रोज दोन-तीन तास कार्यालयात बसते आहे. असंच चालू ठेवू का?”

ताई,

तुम्ही विचारलंत, माणूस कुठे मिळेल. पण माणसं तुम्हाला मिळाली होती, एक सोडून तीन. ती का गेली तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, आणि त्या तिन्ही कारणांत मला मुलांचा दोष दिसत नाही. पहिल्याला संघटनेच्या पगारावर दुसऱ्याच्या कारखान्याचं काम करावं लागलं. दुसरीला काम जमत नव्हतं असं तुम्ही कुठेही म्हटलेलं नाही. तिसऱ्याला चार साहेब होते. तुमच्या मिलमध्ये लागोपाठ तीन मोटारी जळाल्या तर चौथी आणण्याआधी तुम्ही लाइनचा दाब तपासाल. इथेही तेच आधी करायला हवं.

मग मामा 22 वर्षं कसे टिकले, असं तुम्ही म्हणाल. मामा आले तेव्हा कार्यालयाचं काम म्हणजे पत्र टाइप करणं, शिक्का मारणं, पावती फाडणं, बैठकीचा निरोप देणं आणि एमआयडीसीच्या किंवा वीज कंपनीच्या कार्यालयात कागद पोचवून पोच आणणं. ते वर्षागणिक तुमच्याबरोबर वाढले. कोणत्या अध्यक्षाचं किती ऐकायचं आणि कोणाला ‘बघतो’ म्हणून वाटेला लावायचं, हे त्यांना कळलेलं होतं. नव्या मुलाकडे हे पहिल्या महिन्यात असणार नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ज्याला तुम्ही निष्ठा म्हणता, तिचा मोठा भाग मामांनी स्वतःच्या संसारातून दिला. 9,500 रुपयांत 2 मुलं शिकवायची की 4, हा हिशेब त्यांच्या घरी रोज झाला असेल. त्यांच्या त्या पगारामुळेच तुमची वर्गणी 2,000 वर राहू शकली. महिन्याला 167 रुपये. वसाहतीतल्या कोणत्याही युनिटचा चहाचा खर्च याहून जास्त असतो.

मामांना निरोप देताना काय दिलं, ते पत्रात नाही. शाल, श्रीफळ आणि फोटो एवढंच झालं असेल, तर त्याचा तुमच्या भरतीशी थेट संबंध आहे. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आणि वसाहतीत बातमी लपत नाही. हुशार मुलगा किंवा मुलगी तुमच्याकडे अर्ज करण्याआधी घरातल्या कोणाला तरी विचारते, आणि तो सांगतो, ‘अरे, ते मामा बघ ना, इतकी वर्षं काढून काय मिळालं?’ दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कार्यालयाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागत नाही, त्यामुळे तुमच्यावर कायद्याचं बंधन नव्हतं. पण त्या कायद्याचं सूत्र वापरून पाहा : शेवटचा महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले 22 वर्षं. साधारण 1,20,500 रुपये होतात. 160 सभासदांत वाटले तर प्रत्येकी साधारण साडेसातशे. ही रक्कम दीड वर्ष उशिरा दिली तरी चालेल, पण द्या. मामांसाठी तर द्याच. नव्या माणसाला मागच्याशी तुम्ही कसं वागलात हे दिसावं, म्हणूनही द्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा माणूस नेमकं काय करणार आहे? तुमच्या पत्रात ‘कार्यालय सांभाळणे’ एवढेच दोन शब्द आहेत, आणि गडबड तिथून सुरू होते. तुम्ही डाळमिलवाल्या आहात म्हणून त्याच धंद्यातलं उदाहरण घेतो. 21 जून 2024, शुक्रवार. केंद्र सरकारने तूर आणि हरभऱ्यावर 30 सप्टेंबरपर्यंत साठामर्यादा लावली. मिलसाठी मर्यादा होती मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक स्थापित क्षमतेच्या 25 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. शिवाय साठा सरकारी पोर्टलवर जाहीर करायचा. अशा संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस मेसेज फिरतात, त्यातले निम्मे चुकीचे. ‘सगळ्यांना 200 टन’ असं कोणीतरी टाकतं. ते घाऊक व्यापाऱ्यासाठी असतं, मिलसाठी नसतं. त्या वेळी संघटनेचं कार्यालय म्हणजे असा एक माणूस, जो मूळ अधिसूचना उतरवून घेतो, तुम्हाला फोन करून विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत सोप्या मराठीत पाऊण पानाचं परिपत्रक लेटरहेडवर पाठवतो : मिलला काय लागू, आडत्याला काय, कुठे भरायचं, कधीपर्यंत. हेच 18 जुलै 2022 ला झालं होतं, 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळींवर 5 टक्के जीएसटी आला तेव्हा. ज्या संघटनेत हे काम करणारा कोणी असतो तिचे सभासद दंड आणि धावपळ वाचवतात. वर्गणी मागायला मग वेगळं तोंड लागत नाही.

दुसरं मोठं काम पाठपुराव्याचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, तिथे तुमचे पदाधिकारी जातात, रस्ते, पथदिवे, पाणी यावर तावातावाने बोलतात आणि परत येतात. बैठकीआधी विषय लेखी कोणी दिले? इतिवृत्त आल्यावर ते वाचून, ‘मुद्दा चारमध्ये आमचं म्हणणं अर्धंच आलंय’ हे कोणी कळवलं? मागच्या बैठकीत मान्य झालेल्या कामाचं काय झालं, याचं स्मरणपत्र कोणी पाठवलं? वीजदराच्या प्रस्तावावर राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवतो, त्याला शेवटची तारीख असते. ती तारीख कोणाच्या वहीत आहे? लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात पाणीकपातीची सूचना येते तेव्हा कोणत्या युनिटला रोज किती पाणी लागतं, याची तयार यादी कार्यालयात असणं आणि नसणं यात केवढा फरक पडतो, हे मला तुम्हाला सांगायला नको.

या सगळ्यांत एक गोष्ट ठरवून बाहेर ठेवा : सभासदाचं खासगी काम. उद्यम नोंदणीत दुरुस्ती, प्रदूषण मंडळाच्या संमतीचं नूतनीकरण, अनुदानाची फाइल ही कामं कार्यालयाकडे येतच राहतात, आणि ती करून देणं हा चांगुलपणाही आहे. पण ‘माझंही जरा बघ’ म्हणणारे पंधरा जण झाले की संघटनेचं काम उभं राहतं. एक तर माहिती द्या आणि सल्लागाराचा नंबर द्या, नाही तर ठरलेली फी घ्या आणि ती संघटनेच्या खात्यात जमा करा. अशी विशिष्ट सेवेची फी हे व्यापारी संघटनेचं करपात्र उत्पन्न धरलं जातं, तेव्हा दर ठरवण्याआधी तुमच्या सीएंशी बोला. अध्यक्षांच्या कारखान्याची बिलं मात्र फी घेऊनही नकोत.

साहेब एकच हवा. हे मी सर्वांत महत्त्वाचं मानतो, पगाराच्याही आधी. कार्यकारिणीने लेखी ठराव करावा की कार्यालयीन कर्मचारी सचिवांच्या सूचनेवर काम करेल; अध्यक्षांसह बाकी सर्वांनी आपलं काम सचिवांमार्फत द्यावं. सचिव बाहेरगावी असतील तर सहसचिव. परिपत्रक बाहेर जाण्याआधी एकाच माणसाची मंजुरी, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी. झापायचं असेल तर सचिवांना झापा, कर्मचाऱ्याला नाही. हा ठराव मांडताना तुम्हाला अवघड वाटेल, कारण अध्यक्ष वयाने मोठे असतील, शेठ असतील, तुमच्या सासऱ्यांचे मित्रही असतील. तो कुणाविरुद्ध म्हणून मांडू नका. ‘दीड वर्षात तीन माणसं गेली, चौथं जायला नको’ एवढंच कारण पुरे आहे आणि ते खरंही आहे.

पैशाचं बोलू. सध्या वर्गणीचे 2,20,000 जमतात. 12,000 पगाराचे वर्षाला 1,44,000 जातात. उरलेल्यात वीज, इंटरनेट, सीए, वार्षिक सभा. म्हणजे पगार वाढवायला जागाच नाही. वर्गणी न वाढवता चांगला माणूस मिळण्याची आशा सोडून द्या. मात्र सगळ्यांना सरसकट वाढ लावली तर पत्र्याच्या कामाची छोटी शेड आणि मोठी जिनिंग एका ओळीत येतात. उलाढालीवर दर लावले तर डाळमिलवाले बिथरतील, आणि त्यांचं बरोबर असेल. डाळीत उलाढाल दिसते मोठी, हाती उरतं थोडं. मला वीजजोडणीचा निकष बरा वाटतो. जोडणी कुणाची कोणती आहे यावर वाद होत नाही. समजा, तुमच्यात 135 जण लघुदाब जोडणीचे आणि 25 उच्चदाबाचे आहेत. पहिल्यांना 2,400, दुसऱ्यांना 6,000 लावले तर एकूण 4,74,000 होतात. 85 टक्के वसूल झाले तरी चार लाखांच्या वर. लहान युनिटला ही वाढ महिन्याला 33 रुपयांची आहे, हे सभेत आकड्यात सांगा.

जे 50 जण आज वर्गणी भरत नाहीत त्यांना एकदम थकबाकीदार म्हणू नका. त्यांना फोन करून एवढंच विचारा, की संघटनेने तुमच्यासाठी मागच्या वर्षात काय केलं असं तुम्हाला वाटतं? उत्तर ऐकायला जड जाईल, पण कार्यालयाच्या कामाची खरी यादी त्यातून निघेल.

आता तुमच्यापुढचे तीन पर्याय. कार्यकारी संचालकाचे 45,000 म्हणजे वर्षाला 5,40,000; वाढवलेली पूर्ण वर्गणीही त्याला पुरत नाही. शिवाय 160 सभासदांच्या संघटनेत त्याला हाताखाली कोणी नसणार, म्हणजे तोच परिपत्रक काढणार, तोच पावत्या फाडणार, आणि सहा महिन्यांत संभाजीनगर किंवा पुण्याची नोकरी धरणार. मोठ्या संघटनांना हा पर्याय शोभतो. संभाजीनगरला सीएमआयए आणि मसिआ या उद्योजक संघटनांची कार्यालयं आहेत. एकदा जाऊन पाहा, त्यांच्याकडे कामाची वाटणी कशी आहे ते विचारा, पण त्यांचा आराखडा जसाच्या तसा उचलू नका.

एजन्सीकडून माणूस घेतला तर तिच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. तुमची उलाढाल 20 लाखांच्या आत आणि संघटना जीएसटीत नोंदलेली नसेल तर त्याची वजावट मिळत नाही. तो निव्वळ खर्च. आणि पाठपुराव्याचं काम ओळखीवर चालतं. दर चार महिन्यांनी नवा चेहरा गेला तर एमआयडीसीच्या कार्यालयातला लिपिकसुद्धा त्याला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणेल. हिशेब लिहिणं, जमा-खर्च, विवरणपत्रं एवढं बाहेर द्यायला माझी हरकत नाही, उलट तसंच करा. सीएंच्या कार्यालयाला ते महिन्याच्या ठराविक रकमेत जमतं आणि पैसे घेणारा व पैसे लिहिणारा वेगळा राहतो.

भाच्याबद्दल. नात्यातला आहे म्हणून तो नालायक ठरत नाही, आणि नात्यातला आहे म्हणून त्याला थेट आणताही येत नाही. जाहिरात द्या, त्यालाही अर्ज करू द्या, आणि त्या दिवशी अध्यक्षांनी निवड समितीत बसू नये. निवड झालीच तर त्यालाही पुढे मान वर करून काम करता येईल. मात्र मला त्याच्याबद्दल एकच प्रश्न पडतो : अध्यक्ष हेच त्याचे मामा असताना ‘हे काम सचिवांमार्फत पाठवा’ असं तो त्यांना म्हणू शकेल का?

मला स्वतःला चौथा मार्ग पटतो. एक पदवीधर मुलगा किंवा मुलगी पूर्ण वेळ, 18,000 वर; आणि आठवड्यातून दोन दिवस एक निवृत्त माणूस, 8,000 मानधनावर. जिल्हा उद्योग केंद्र, एमआयडीसी, वीज कंपनी किंवा राष्ट्रीयीकृत बँक, यांतून निवृत्त झालेले लोक प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतात. त्यांना शासकीय पत्राची भाषा येते, फाइल कोणत्या टेबलावर अडते ते माहीत असतं. त्यांना पोर्टल जमणार नाही, ते मुलाला जमेल. मुलाला निवेदन लिहायला जमणार नाही, ते त्यांच्याकडून वर्षभरात शिकेल. दोघांचे महिन्याला 26,000, दिवाळीचा एक पगार धरून वर्षाला 3,38,000. वरच्या हिशेबात हे बसतं. शेजारच्या तालुक्यात दुसरी छोटी संघटना असेल, तर निवृत्त माणसाचे दिवस आणि मानधन वाटूनही घेता येईल.

18,000 म्हटलं ते अंदाजाने; तुमच्या गावचा बाजार तुम्हाला जास्त कळतो. पण किमान वेतनाचा चालू दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून आधी घ्या. त्यातला विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो, आणि 12,000 त्याला पुरत होते का हेही तेव्हाच कळेल. तुमच्या आकाराच्या कार्यालयाला भविष्य निर्वाह निधी (20 कर्मचाऱ्यांपासून) आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा (10 कर्मचाऱ्यांपासून) सक्तीचे नाहीत. म्हणूनच त्याऐवजी आरोग्य विम्याचा हप्ता संघटनेने भरावा असं मी सुचवेन. 25 वर्षांच्या माणसाचा हप्ता फार नसतो, आणि आईवडिलांना सांगायला त्याला काहीतरी असतं. व्यवसाय कराची नोंदणी विसरू नका : पुरुषाचा पगार 10,000 च्या वर असेल तर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, स्त्रीला 25,000 पगारापर्यंत माफ. नेमणूकपत्र मात्र द्याच. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांचाही नेमणूकपत्रावर भर आहे. त्यात पगार, वेळ, सुट्या, तीन महिन्यांचा परीक्षाकाळ, वर्षाची वाढ आणि कोणाच्या सूचनेवर काम करायचं, हे सगळं मराठीत लिहा.

निवड कशी करायची यावर तुम्ही काही विचारलेलं नाही, पण इथेच बहुतेक संघटना घसरतात. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकली की सभासदांचे पुतणे येतात. स्थानिक दैनिक, दोन-तीन महाविद्यालयांचे वाणिज्य विभाग आणि राज्य सरकारचं महास्वयं पोर्टल, तिन्हीकडे द्या. मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ विचारून काही कळत नाही आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आता सगळ्यांकडे असतं. शेवटच्या चार-पाच उमेदवारांना अर्ध्या दिवसाचं काम द्या आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसेही द्या. एक जुनी अधिसूचना देऊन तिचं दहा ओळींत परिपत्रक लिहायला सांगा. कार्यकारी अभियंत्यांना पाण्याच्या दाबाबद्दल पत्र, युनिकोड मराठीत. सभासदांची विस्कळीत यादी देऊन थकबाकी काढायला सांगा. आणि वर्गणी न भरणाऱ्या, जरा तिरसट सभासदाला समोर बसून फोन करायला लावा; तिरसट सभासदाची भूमिका तुमच्यातलाच कोणीतरी करेल. जो शांतपणे ऐकून घेतो, उलट बोलत नाही आणि शेवटी ‘मग पावती कधी पाठवू?’ असं विचारतो, त्याचं टायपिंग थोडं हळू असलं तरी चालेल. कामापुरती हिंदी बोलता यायला हवी, कारण मोंढ्यात आणि मालवाहतूकदारांशी त्याशिवाय भागत नाही.

मुलीच्या बाबतीत ‘बाईमाणूस बैठकीला कशी थांबणार’ हा प्रश्न तुमच्या कार्यकारिणीत निघालाच असेल. तुम्ही सचिव असताना तो निघावा, याचं मला वाईट वाटतं. बैठक दुपारी चारला, संघटनेच्या खोलीत घ्या. कारखानदारांना ती वेळ गैरसोयीची वाटते म्हणतात, पण जिल्हाधिकाऱ्यांनी चारला बोलावलं की सगळे येतात. वर्षातून दोनदा उशीर होणार असेल तर घरी सोडण्याची सोय संघटनेने करावी. आणि एक गोष्ट तिला रुजू होण्याच्या दिवशीच सांगा : दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्या समितीचा पत्ता कार्यालयात लावून ठेवा.

रुजू होण्याआधीचं एक काम मात्र या आठवड्यातच करा. संघटनेचं बँक खातं, ईमेल, पॅन, धर्मादाय आयुक्तांच्या पोर्टलवरचं खातं, यांना कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ते तपासा. मला दाट शंका आहे की ओटीपी अजून मामांच्या फोनवर जातो. संघटनेच्या नावाने सिम घ्या, सगळीकडे तो नंबर लावा, पासवर्ड सचिव आणि कोषाध्यक्ष दोघांकडे ठेवा. वर्गणी क्यूआर कोडने थेट संघटनेच्या खात्यात. कर्मचाऱ्याच्या फोनवर एक रुपयाही नको, आणि सही करून ठेवलेले कोरे धनादेश तर अजिबात नकोत. यात अविश्वास नाही. उद्या हिशेबात 500 रुपयांचा फरक निघाला तर सर्वांत आधी बोट त्याच्याकडे जातं. या व्यवस्थेने त्याचाच बचाव होतो.

त्याच वेळी धर्मादाय कार्यालयातला बदल अर्जही बघा. संघटना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल तर कार्यकारिणी बदलल्यावर 90 दिवसांत बदल कळवावा लागतो. मागच्या दोन कार्यकारिणींचा बदल नोंदला गेला नसेल, तर बँक सह्या बदलायला नकार देते आणि नव्या माणसाचा पहिला पगारच अडतो. मामांना दोन महिने अर्धवेळ बोलवा, रीतसर मानधन देऊन. त्यांच्याकडून वर्षाचं चक्र लिहून घ्या : कोणत्या महिन्यात कोणता कागद कुठे जातो, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचं. फाइल कुठे आहे ते विचारायला मधूनच फोन करत राहिलात तर तेही कंटाळतील.

शेवटी तुमच्या त्या दोन-तीन तासांबद्दल. तुमच्याआधीचे सचिव रोज कार्यालयात बसत होते का? पावत्या लिहीत होते का? मला वाटत नाही. तुम्ही बसता, काम नीट होतं, म्हणून भरतीची घाई कोणालाच उरलेली नाही. ‘ताई बघतात ना’ म्हटलं की विषय संपतो. बाईने केलेलं काम फुकटचं धरायची सवय घरात असते, तीच संघटनेतही येते. मामांच्या कमी पगारावर जे चालत होतं ते आता तुमच्या बिनपगारी तासांवर चाललंय. एक तारीख जाहीर करा, साधारण अडीच महिन्यांनंतरची, आणि त्यानंतर रोज बसणार नाही हे कार्यकारिणीला लेखी कळवा. तोपर्यंत बसता ते तास वहीत नोंदवत चला, काय काम केलं त्यासह. ती वही हीच नव्या माणसाच्या कामाची यादी होईल, आणि पगाराचा आकडा सभेत पटवायलाही तीच उपयोगी पडेल.

वर्गणी वाढवायला बहुधा सर्वसाधारण सभा लागेल. तुमची नियमावली काढून सूचनेचे किती दिवस द्यायचे ते आजच बघा. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत क्रम असा ठेवा : आधी कर्मचाऱ्याचा साहेब कोण याचा ठराव, मग वर्गणीचा प्रस्ताव आणि सभेची तारीख, मग मामांची रक्कम. उमेदवारांची नावं त्या दिवशी चर्चेला घेऊच नका.